तडा आणि गिलावा

लक्ष्मीविलास राजवाडा पाहायला आलेल्या पाहुण्याला बडोद्यात एक गोष्ट हमखास ऐकवली जाते. आपल्यापैकी बहुतेकांनी ती लहानपणी ऐकली असेल आणि पुढे पुण्यामुंबईच्या आप्तांना थोडे तिखटमीठ लावून सांगितलीही असेल. राजवाड्याचे आराखडे करणारा मेजर चार्ल्स मँट हा इंग्रज स्थापत्यविशारद म्हणे काम अर्धे असतानाच मनाने खचला. आपली गणिते चुकली, आपण बांधलेले वाडे एक दिवस कोसळणार, हा एकच घोर त्याला लागला आणि त्या घोरातच तो १८८१ साली वारला. पुढे रॉबर्ट चिझम याने काम हाती घेतले आणि १८९० मध्ये राजवाडा पुरा झाला. तो आज उभा आहे. कोल्हापूरचा नवा राजवाडा मँटनेच आखला. तोही उभा आहे. गोष्ट येथे संपते आणि सांगणारा व ऐकणारा दोघेही बिचाऱ्या मँटच्या भाबडेपणाला हसतात.

आम्हाला मात्र अलीकडे या गोष्टीचे हसू येत नाही. ९ जुलै २०२५ च्या सकाळी याच जिल्ह्यात, पादरा तालुक्यात मुजपूरजवळ, महीसागर नदीवरच्या गंभीरा पुलाचा एक गाळा तुटून खाली गेला. त्याबरोबर वाहने नदीत कोसळली आणि वीसवर माणसे प्राणांस मुकली. पूल १९८५ साली खुला झालेला; म्हणजे वयाने अवघा चाळीस वर्षांचा. पूल हादरतो अशी लेखी तक्रार २०२२ मध्येच झाली होती, असे तेव्हा वृत्तपत्रांतून आले. खांबावरचे टेकू आणि गाळ्यांचे सांधे चिरडले गेले, असे प्राथमिक चौकशीनंतर सांगण्यात आले. चिरडले गेले हे खरे. पण टेकू काही एका रात्रीत चिरडत नाही.

या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. मँटजवळ भीती होती आणि ती पडताळून पाहण्याची साधने त्या काळी तोकडी होती. आपल्याजवळ साधने आहेत. पदार्थ कसा वाकतो, कसा ताणला जातो, कोठे चिरतो आणि केव्हा तुटतो याचे एक प्रौढ शास्त्र गेल्या शंभर वर्षांत उभे राहिले आहे. आपल्याजवळ नाही ती मँटची भीती. तडा दिसला की आपण गवंड्याला बोलावतो आणि गिलावा करून घेतो.

जुन्या घराण्यांत या विषयावर एक वाक्य ठरलेले आहे: ‘पूर्वीचे बांधकाम ते बांधकाम!’ दांडियाबाजार, रावपुरा, वाडी या भागांतल्या सागवानी खांबांच्या वाड्यांत बसून ते बोलायला सुखही वाटते. पण पूर्वीचे जे पडले ते आज दाखवायला शिल्लक नाही, एवढे आपण विसरतो. टिकले तेवढेच पाहून आपण साऱ्या पूर्वजांना प्रमाणपत्र देतो. जे टिकले त्यामागेही चमत्कार नाही. दगडविटांच्या जाड भिंतीवर तिच्या सोसण्याच्या मानाने फार थोडा भार असतो, आणि कमान उभी राहते ती मुख्यतः आपल्या आकारावर. शिवाय चुन्याचा सांधा थोडा थोडा सरकून घेतो आणि बारीक चीर पडली तर ओलाव्यात विरघळलेल्या चुन्याने ती कधी कधी आपली आपण भरूनही काढतो. आपण त्याच भिंतीवर कडक सिमेंटचा गिलावा चढवतो. मग आत ओल कोंडते आणि बाहेरून भिंत नव्या नवरीसारखी दिसते.

वस्तू का तुटते, हा प्रश्न माणसाने नीट विचारला तो फार उशिरा. गॅलिलिओने आपल्या अखेरच्या ग्रंथात, जो १६३८ मध्ये छापला गेला, तो विचारला. त्यात त्याने संगमरवरी खांबाची एक गोष्ट दिली आहे. एक मोठा खांब आडवा ठेवला होता आणि त्याच्या दोन टोकांखाली दोन ओंडके होते. मध्ये आधार नाही, खांब मोडेल, असे एकाला वाटले आणि त्याने मधोमध तिसरा ओंडका सरकवला. सर्वांनी शाबासकी दिली. काही महिन्यांनी खांब नेमका त्या तिसऱ्या ओंडक्यावरच मोडलेला आढळला. झाले असे की टोकाचा एक ओंडका कुजून खचला. मधला मात्र घट्ट राहिला आणि खांबाचे अर्धे अंग अधांतरी लोंबू लागले. दोनच ओंडके असते तर एक खचल्यावर खांब नुसता कलला असता. काळजी घेतली गेली, पण कोणता आधार किती खचतो याचे मोजमाप कोणी केले नाही. आपल्याकडच्या कितीतरी दुरुस्त्या या तिसऱ्या ओंडक्याच्या जातीच्या असतात.

गॅलिलिओनंतर चाळीस वर्षांनी रॉबर्ट हूकने ओढीच्या प्रमाणात ताणले जाण्याचा नियम मांडला, आणि पुढची दोनअडीचशे वर्षे अभियंत्यांचे लक्ष मुख्यतः या ताणले जाण्याकडे राहिले. तुळई किती वाकेल हे ते उत्तम सांगू लागले. ती तुटेल केव्हा, हे सांगताना मात्र एक ढोबळ आकडा घ्यायचा आणि सावधगिरी म्हणून त्याला चारपाचाने भागायचे, एवढाच मार्ग होता. आकडा कोठून यायचा, तर नमुना यंत्रात घालून मोडून पाहायचा. पण नमुन्यात तडा नसायचा आणि प्रत्यक्ष पुलात, जहाजात, आगगाडीच्या आसात तो असायचा.

खरी उकल झाली ती काचेत. ॲलन ग्रिफिथ नावाचा इंग्रज अभियंता पहिल्या महायुद्धाच्या सुमारास फार्नबरो येथील विमानसंशोधनाच्या सरकारी संस्थेत काम करीत होता. काचेच्या कणांतले परस्पर आकर्षण पाहता काच आहे त्याच्या कित्येक पट बळकट असायला हवी. मग ती इतकी दुबळी का, हा त्याचा प्रश्न. त्याने काच तापवून तिचे बारीक बारीक तंतू ओढले आणि ते ओढून तोडून पाहिले. सुमारे एक मिलिमीटर जाडीचा तंतू साध्या काचेच्या ताकदीचा निघाला. तंतू जसजसा बारीक तसतशी त्याची दर चौरस इंचाची ताकद वाढत गेली, आणि मिलिमीटरच्या सुमारे तीन हजारांशाइतका बारीक तंतू जाड तंतूच्या जवळजवळ वीसपट निघाला. तेच तंतू हवेत काही तास राहू दिले की पुन्हा दुबळे होत. म्हणजे दुबळेपणा काचेच्या पिंडात नव्हता. डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरांत होता. बारीक तंतूत मोठी चीर मावतच नाही.

हे वाचकाला अपरिचित वाटू नये. कापडाचा दुकानदार किनारीला कात्रीने बोटभर चीर देतो आणि मग दोन हातांनी टरकन कापड फाडतो; चीर नसेल तर पैलवानालाही ते सहजी फाडता येणार नाही. काच कापणारा हिऱ्याच्या कणीने एक ओरखडा काढतो आणि हलकी टिचकी मारतो. कपड्याला आणि काचेला जे ठाऊक आहे त्याचे गणित इंग्लिसने १९१३ मध्ये जहाजांच्या पत्र्यांसाठी मांडले होते: पत्र्याला गोल भोक असेल तर त्याच्या कडेशी ओढ तिप्पट होते, आणि भोक जितके लांबट व टोकदार तितकी ती कितीतरी अधिक. म्हणूनच पत्र्यातला तडा थांबवायला कसबी कारागीर तड्याच्या टोकाशी गोल भोक पाडतो. भोकाने तडा थांबतो हे ऐकून नवशिका हसतो.

ग्रिफिथने यापुढे जाऊन जमाखर्च मांडला, आणि आमच्या मते भौतिकशास्त्रातल्या सुंदर हिशेबांत त्याची गणना व्हावी. तडा वाढायचा तर दोन नवे पृष्ठभाग उघडावे लागतात. त्याला शक्ती लागते, तो खर्च. तडा वाढला की त्याच्या दोन्ही अंगांचा ताणलेला पदार्थ सैलावतो आणि साठलेली शक्ती सोडतो, ती जमा. खर्च तड्याच्या लांबीच्या प्रमाणात वाढतो, जमा मात्र लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात. तडा लहान असताना खर्च भारी पडतो आणि तो जागच्या जागी बसून राहतो. एका ठरावीक लांबीपलीकडे गेला की जमा वरचढ होते. मग त्याला बाहेरून आणखी जोर लावावा लागत नाही, तो आपला आपण धावत सुटतो. तडा चौपट लांब झाला की तेवढ्याच वस्तूची सोसण्याची ताकद निम्मी होते. १९२० मध्ये वाचलेला आणि १९२१ मध्ये छापलेला हा निबंध तेव्हा फारसा कोणी मनावर घेतला नाही. ग्रिफिथच्या प्रयोगशाळेत रात्री गॅसची ज्योत चालू राहून आग लागली, आणि हा काचेचा खेळ सोडून इंजिनांच्या कामाला लागा असा त्याला हुकूम झाला, अशी गोष्ट सांगतात.

काच ठिसूळ, पोलादाचे काय, असे विचारले जाई. उत्तर १६ जानेवारी १९४३ च्या रात्री मिळाले. अमेरिकेत पोर्टलंडच्या धक्क्याला शांत पाण्यात उभे असलेले ‘स्केनेक्टडी’ हे नवेकोरे तेलवाहू जहाज मोठा आवाज होऊन अधूनमधून नव्हे, अगदी मधोमध दुभंगले. ना पाणसुरुंग, ना वादळ. पूर्वी जहाजाचे पत्रे खिळ्यांनी जोडत, तेव्हा तडा एका पत्र्याच्या कडेला येऊन थांबे. युद्धाच्या घाईत ते वितळजोडाने सांधू लागले, तेव्हा सारे जहाज एक अखंड पत्रा झाले आणि तड्याला रान मोकळे मिळाले. शिवाय तेव्हाचे पोलाद थंडीत ठिसूळ होई. पोलाद तुटण्यापूर्वी सहसा थोडे लवते, ताणले जाते, आणि त्या लवण्यातच तड्याची पुष्कळशी शक्ती खर्ची पडते. ग्रिफिथच्या जमाखर्चात लवण्याची ही मोठी खर्चाची बाब घालून अमेरिकेच्या नौदल प्रयोगशाळेतील जॉर्ज अर्विन याने १९५० च्या दशकात तो हिशेब धातूंना लागू केला. तेव्हापासून अभियंत्याला ‘तडा आहे काय?’ यापुढचा प्रश्न विचारता येऊ लागला: तडा केवढा आहे, कोणत्या लांबीला तो घातक होईल आणि तेथवर पोचायला त्याला किती दिवस लागतील?

तिसऱ्या प्रश्नाचे महत्त्व ‘कॉमेट’ विमानांनी शिकवले. २ मे १९५३ रोजी कलकत्त्याच्या दमदम तळावरून निघालेले एक कॉमेट थोड्याच वेळात वादळात मोडून पडले, त्रेचाळीस माणसे गेली, आणि चौकशीत दोष वादळाकडे गेला. १९५४ मध्ये जानेवारीत एल्बा बेटाजवळ आणि एप्रिलमध्ये नेपल्सजवळ आणखी दोन विमाने समुद्रात पडली. आता वादळाचे नाव पुढे करून भागेना. मग फार्नबरोत, ग्रिफिथच्याच जुन्या संस्थेत, एक अख्खे विमान पाण्याच्या प्रचंड टाकीत उभे केले. उड्डाणात आतली हवा जशी दाबली आणि सोडली जाते तसा दाब त्यांनी विमानात पाणी भरून पुनःपुन्हा चढवला आणि उतरवला. पाणीच का, तर हवा भरली असती तर विमान फुटताच त्याच्या चिंधड्या झाल्या असत्या आणि तडा कोठून सुरू झाला हे कळले नसते. आधीची १,२२१ खरी उड्डाणे आणि टाकीतली १,८३६, मिळून ३,०५७ झाली तेव्हा कवच एका चौकोनी झरोक्याच्या कोपऱ्यापासून फाटले. एका वेळचा दाब मुळीच भारी नव्हता. हजारो वेळा आला आणि गेला, आणि दर खेपेला तडा केसभर पुढे सरकला. धातूचा हा थकवा जर्मन अभियंता वोलर याने आगगाडीच्या आसांत एकोणिसाव्या शतकातच मोजला होता. पुलावरून जाणारा प्रत्येक ट्रक म्हणजे असेच एक उड्डाण.

आपल्याकडे मोरबीचा झुलता पूल ३० ऑक्टोबर २०२२ रोजी तुटला आणि १३५ माणसे गेली. दुरुस्ती होऊन तो खुला झाल्याला चारच दिवस झाले होते. विशेष तपास पथकाच्या अहवालात आले ते असे की मुख्य दोराच्या ४९ तारांपैकी २२ गंजलेल्या होत्या, त्या दिवसाच्या आधीच तुटलेल्या असाव्यात. दुरुस्तीत पायाखालची जमीन नवी झाली. दोर तसाच राहिला. जे लोकांच्या डोळ्यांना दिसते तेवढेच नवे करायचे, ही रीत काही मोरबीपुरती नाही, आणि केवळ सरकारी खात्यांपुरतीही नाही.

हे लिहिताना आमच्या स्वतःच्या घराकडे बोट जाते. आमच्या वाड्याच्या मागच्या भिंतीला जिन्याजवळ एक तिरपा तडा आहे. दर दिवाळीपूर्वी गवंडी येई, तडा चुन्याने वा सिमेंटने बुजवी, वर रंग चढे आणि पुढच्या वैशाखापर्यंत तो पुन्हा डोके वर काढी. दरसालच्या या सणाला आम्ही सरावलो होतो. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीचा पूर शहरात शिरला, त्यानंतर बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले आमचे मामा घरी आले. त्यांनी भिंतीला हात लावला आणि गिलावा करू नका म्हणून बजावले.

“मग काय करायचं, मामा?”

“काही करू नका. आधी तो जिवंत आहे की मेलेला ते बघू.”

त्यांनी खिडकीच्या फुटक्या काचेची एक अरुंद पट्टी तड्यावर आडवी ठेवली, तिची दोन्ही टोके भिंतीला घट्ट चिकटवली आणि बाजूला पेन्सिलीने तारीख घातली. तडा मेलेला असेल तर पट्टी वर्षानुवर्षे तशीच राहील. जिवंत असेल तर ठिसूळ काच केसभर हालचालीनेही फुटेल आणि आपल्याला वर्दी मिळेल. खर्च शून्य. काचेच्या ज्या दुबळेपणाचा ग्रिफिथने छडा लावला तोच दुबळेपणा येथे पहारेकऱ्याच्या कामी आला. आमची पट्टी मे महिन्यात फुटली. मग मामांनी तड्याच्या दोन अंगांना दोन खिळे ठोकले आणि त्यांतले अंतर व्हर्नियर कॅलिपरने दर महिन्याला मोजून भिंतीवरच लिहायला सांगितले. उन्हाळ्यात अंतर वाढते, श्रावणात घटते. आपल्या बाजूची काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते, तिच्याबरोबर पाया श्वास घेतो आहे, असा त्याचा अर्थ निघाला. दुरुस्ती भिंतीला नव्हे, परसातल्या पाण्याच्या निचऱ्याला हवी होती. वीस वर्षांचा सिमेंटचा खर्च फुकट गेला.

प्रत्येक तडा घातक असतो असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. काँक्रीटच्या तुळईला बारीक तडे जाणारच. किंबहुना शहाणा अभियंता तिच्यात लोखंड मुद्दाम बेताचे घालतो. भार अति झाला तर आधी लोखंड लवावे, तुळई डोळ्यांदेखत वाकावी, तडे रुंदावावेत आणि खालच्या माणसांना पळायला वेळ मिळावा, हा त्यामागचा हेतू असतो. लोखंड जास्त घातले तर तुळई मजबूत दिसते आणि मोडते तेव्हा सूचना न देता मोडते. म्हणजे तडा ही वस्तूची बोली आहे. तिच्यावर गिलावा करणे हा ती ऐकू येऊ नये म्हणून केलेला बंदोबस्त होय.

‘अशाने लोकांत घबराट पसरेल’ हा युक्तिवाद आम्ही अधिकाऱ्यांच्या तोंडून पुष्कळदा ऐकला आहे. तो आम्हाला मान्य नाही. पूल हादरतो हे त्यावरून रोज जाणाऱ्या दूधवाल्याला ठाऊक असते. त्याला ठाऊक नसतो तो आकडा. घबराट आकड्याने होत नाही, आकडा दडवल्याने होते. पुलावर भरलेले ट्रक उभे करून तो किती वाकतो आणि ट्रक काढल्यावर त्यातला किती वाक परत येतो, हे मोजता येते. काँक्रीटमधून ध्वनिलहरी पाठवून आतली पोकळी ओळखता येते. पृष्ठभागावर ठिपके उडवून कॅमेऱ्याने त्यांचे सरकणे टिपता येते, आणि त्यावरून कोठे किती ताण आहे याचा नकाशा संगणक काढून देतो. यांपैकी कोणतीही गोष्ट आज अप्राप्य नाही. पुलाच्या तोंडाशी उद्घाटन करणाऱ्याच्या नावाची शिळा असतेच. तिच्याशेजारी एक साधा फलक लावावा, त्यावर तपासणीची तारीख, सांध्यातली फट गेल्या वर्षी किती होती आणि यंदा किती, एवढे लिहावे. वाचणारे वाचतील. ज्याची सही खाली असेल तोही वाचील.

आणि बडोद्याने हे करायला कोणाच्या तोंडाकडे का पाहावे? सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये, लक्ष्मीविलास पुरा झाला त्याच वर्षी, कलाभवन काढले. मँटने गणिताची जी धास्ती घेतली म्हणतात, ते गणित येथल्या मुलांना शिकवण्याची सोय राजवाड्याबरोबरच झाली, हा योगायोग आम्हाला मोठा अर्थपूर्ण वाटतो. त्याच कलाभवनातून आजची विद्यापीठाची तंत्रविद्याशाखा वाढली. तेथील मुले यंत्रात घालून पोलादाच्या कांड्या मोडतात, आलेख काढतात आणि वह्या तपासून घेतात. त्याच मुलांच्या एकेका तुकडीकडे शहरातले एकेक जुने बांधकाम आणि विश्वामित्रीवरचा एकेक पूल सोपवावा. काचपट्ट्या, खिळे आणि कॅलिपर घेऊन दर महिन्याला त्यांनी आकडे टिपावेत आणि ते या पत्राकडे पाठवावेत. छापायला जागा आहे. पंचांगाशेजारी नदीची पातळी आपण पावसाळ्यात छापतोच.

वाड्यांच्या मालकांकडेही एक मागणे आहे. यंदा रंग काढण्यापूर्वी भिंती एकदा उघड्या नजरेने पाहाव्यात. तिरपा तडा, दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून निघालेला तडा, आणि ज्याची एक बाजू दुसऱ्या बाजूच्या पुढे आली आहे असा तडा, या तिहींवर काचपट्टी चिकटवावी. पाहुण्यांना शोभा वाईट दिसली तर दिसू द्यावी. आमच्या जिन्याजवळच्या भिंतीवर आता तारखा आणि आकडे यांची लांब रांग झाली आहे. मामांनी परसातले पाणी गल्लीच्या गटाराकडे वळवल्यापासून खिळ्यांतले अंतर दोन महिने हललेले नाही. नवी काचपट्टी बसवली आहे. ती पुढच्या वैशाखात पाहू.